हिरडीचं कलम: ग्राफ्टच्या शस्त्रक्रियेला पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

कोकम सरबताचा पहिला घोट घेतला आणि वरच्या डाव्या सुळ्यात अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. तो भाग बोटानं चाचपला तर हिरडीजवळ दातावर एक खाच लागली, नख अडकेल एवढी. आरशासमोर ओठ वर करून पाहिलं. सुळा शेजारच्या दातांपेक्षा लांब दिसत होता आणि हिरडीकडचा त्याचा भाग पिवळट पडला होता.

‘वय झालं की दात लांब होतात’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. दात लांब होत नाहीत. हिरडी मागे सरकते आणि दाताचं मूळ उघडं पडतं. मुळावर इनॅमलचं कवच नसतं, म्हणून थंड, आंबट, गोड काहीही लागलं की दात आंबतात. सरकलेली हिरडी आपणहून परत येत नाही, हे आधीच मनाशी पक्कं करा. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, लवंगेचं तेल, हळद यांनी तात्पुरतं बरं वाटेल, पण गेलेली हिरडी त्यानं भरून येणार नाही. ती परत झाकायची तर दुसरीकडची ऊती आणून तिथे बसवावी लागते. डॉक्टर याला ग्राफ्ट म्हणतात. मी कलम म्हणते, कारण आमच्या घरी आंब्याची कलमं बांधतात आणि दोन्हींचं गणित एकच आहे.

आधी ठरवा: शस्त्रक्रिया हवीच आहे का

हिरडी सरकलेल्या प्रत्येकाला ग्राफ्ट लागत नाही. एखाद-दोन मिलिमीटर सरकलेली, वर्षानुवर्षं तिथेच थांबलेली, न दुखणारी हिरडी असेल तर ब्रश करण्याची पद्धत सुधारणं आणि लक्ष ठेवणं एवढंही पुरतं. दात नुसतेच आंबत असतील तर त्यासाठीची टूथपेस्ट महिना-दीड महिना नेमानं वापरून पाहा.

ग्राफ्टचा विचार कधी करायचा? हिरडी दर तपासणीला आणखी मागे गेलेली दिसते तेव्हा. तिथली घट्ट, गुलाबी हिरडी संपून गालाच्या आतल्या कातडीसारखा पातळ, हलणारा भागच उरतो आणि ब्रश लावला तरी झोंबतं तेव्हा. दातांना तारा लावायच्या आहेत आणि पुढची हिरडी आधीच कागदासारखी पातळ आहे तेव्हा. हसताना उघडं मूळ दिसतं म्हणून जीव खट्टू होत असेल तर तेही कारण चालतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तपासणीत डॉक्टर बारीक खुणा असलेल्या सळईनं मोजमाप घेतात. कोणत्या दाताला किती मिलिमीटर, हे आकडे कागदावर लिहून मागा आणि फोटोही काढून ठेवा. सहा महिन्यांनी ‘वाढलंय का?’ या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडेच असेल. माझा आकडा होता ४.

कारण सापडल्याशिवाय पुढे जाऊ नका

इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझं पहिलं वर्ष इथेच वाया गेलं. सुरुवातीला ज्या दवाखान्यात गेले तिथे खाचेत सिमेंट भरून दिलं. ब्रश कसा करता, हे कोणी विचारलं नाही. सिमेंट आठ महिन्यांत निघालं आणि हिरडी आणखी वर गेली.

माझं कारण माझ्या हातात होतं. आपल्यातले बहुतेक जण ब्रश आडवा, करवतीसारखा, जोर लावून घासतात. उजव्या हातानं घासणाऱ्यांचा सगळ्यात जास्त जोर डाव्या बाजूच्या सुळ्यावर आणि त्याच्या मागच्या दातांवर येतो. कडक ब्रशनं घासलं की दात ‘चकाचक’ वाटतात, पण त्याची किंमत हिरडी मोजते.

दुसरं मोठं कारण पायोरिया, म्हणजे दातांवर साचलेल्या कीटणामुळे हिरडी आणि आतलं हाड झिजणं. तिसरं तंबाखू. आपल्याकडे हे स्वतंत्र सांगावंच लागतं. मिश्रीनं दात घासणाऱ्या आया-आज्या अजून घरोघरी आहेत. मिश्री म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच. तिनं दात मजबूत होतात हा समज पिढ्यान् पिढ्या चालत आलाय आणि तो साफ चुकीचा आहे. बार भरणाऱ्यांच्या तोंडात तर जिथे रोज चिमूट धरली जाते नेमकी तिथलीच हिरडी खाली गेलेली दिसते. शिवाय तिथे पांढरा चट्टा असेल तर तो आधी दाखवा, ग्राफ्टचं नंतर बघू.

याशिवाय दात ओळीच्या बाहेर असणं, मुळात हिरडी पातळ असणं, ओठाला जोडणारा पडदा हिरडीला ओढत असणं, ही कारणंही असतात. खालच्या समोरच्या दोन दातांत हा पडदा फार वेळा दिसतो आणि तो सोडवण्याचं छोटं काम वेगळं करावं लागतं. कारण तसंच ठेवून ग्राफ्ट केला तर नवी हिरडीही त्याच वाटेनं जाते.

कोणाकडे जायचं

हे काम हिरड्यांच्या तज्ज्ञांचं, म्हणजे पेरिओडोंटिस्टचं. बीडीएसनंतर तीन वर्षांचं एमडीएस पेरिओडोंटोलॉजी केलेले डॉक्टर शोधा. नेहमीच्या दंतवैद्यांनाच विचारा, ते नाव देतात.

खासगीत खर्च झेपणार नसेल तर दंत महाविद्यालयं आहेत. मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेचं नायर रुग्णालय दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय. या सगळ्यांत हिरड्यांचा वेगळा विभाग असतो. पदव्युत्तर विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, खेपा जास्त होतात, पण काम घाईत होत नाही. ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी इथे निःशंक जावं, असं माझं मत आहे.

खर्च विचारताना ‘एका दाताचा की एका भागाचा?’ हे स्पष्ट विचारा. शेजारच्या दोन-तीन दातांचं काम बऱ्याचदा एकाच बैठकीत होतं. टाके काढणं आणि नंतरच्या तपासण्या त्यात धरल्या आहेत का, तेही विचारा. विम्यावर फार भिस्त ठेवू नका. आपल्याकडच्या बहुतेक आरोग्य पॉलिसी अपघात सोडला तर दातांचा खर्च देत नाहीत.

कुठून आणतात ही हिरडी?

बहुतेक वेळा तुमच्याच टाळूतून. वरच्या दाढा-उपदाढांच्या आतल्या बाजूला टाळूला हात लावून पाहा, तिथली कातडी जाड आणि घट्ट लागते. तीच ही जागा.

सगळ्यात जास्त वापरली जाते ती पद्धत अशी: टाळूवर बारीक चीर देऊन कातडीच्या आतला मऊ थर काढतात, वरची कातडी परत मिटवून टाके घालतात, आणि तो थर उघड्या मुळावर ठेवून त्यावर तिथलीच हिरडी ओढून शिवतात. वर आणि खाली दोन्हीकडून रक्त मिळतं, म्हणून हे कलम चांगलं धरतं आणि रंगही जुळतो. १९८५ पासून ही पद्धत रुळलेली आहे.

दुसऱ्या पद्धतीत टाळूची वरची कातडीच पातळ सोलून आणतात. हिरडी जाड आणि घट्ट करायची असते तिथे, विशेषतः खालच्या समोरच्या दातांना, ती उपयोगी पडते. टाळूची जखम उघडी राहत असल्यानं दुखतं जास्त, आणि बसवलेला तुकडा नंतरही आजूबाजूपेक्षा फिकट दिसतो. शेजारी भरपूर हिरडी असेल तर तीच सरकवून आणणं, हाही एक मार्ग आहे. टाळू न कापता करायचं तर काही ठिकाणी तुमचंच थोडं रक्त काढून, यंत्रात फिरवून त्याचा जाळीदार थर बनवतात. त्याला पीआरएफ म्हणतात.

तयार पडदेही मिळतात. त्यातले काही डुकराच्या किंवा गाईच्या ऊतींपासून बनतात, काही दान केलेल्या मानवी त्वचेपासून. तुमच्या घरात आहाराचे, धर्माचे नेम असतील तर खुर्चीत बसण्यापूर्वीच हे विचारा. डॉक्टरांना राग येत नाही, आणि नंतर कळून मनाला लागण्यापेक्षा ते बरं.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मात्र हा: ‘माझं मूळ किती झाकलं जाईल?’ याचं उत्तर दोन दातांमधल्या हाडावर असतं, म्हणून एक्स-रे काढतात. दातांमधलं हाड आणि हिरडीचं टोक शाबूत असेल तर मूळ पूर्ण झाकलं जाण्याची आशा धरता येते. ते खचलं असेल तर अर्धवट. फारच खचलं असेल तर प्रामाणिक डॉक्टर झाकण्याचं वचन देत नाहीत. तुमचं हाड कोणत्या अवस्थेत आहे हे विचारा आणि त्याप्रमाणेच अपेक्षा ठेवा.

तयारीचे तीन-चार आठवडे

आधी दातांची पूर्ण सफाई होते. त्यानंतर तुमचा ब्रश सुधारला की नाही हे डॉक्टर पाहतात आणि मगच तारीख देतात. माझी तारीख यावरून एकदा पुढे गेली. तेव्हा वाईट वाटलं, आता वाटतं बरं झालं.

मधुमेह असेल तर गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी करून घ्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सांगा, पण स्वतःच्या मनानं बंद करू नका. तो निर्णय तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांचा. गरोदरपण, रक्तदाब, एखाद्या औषधाची अ‍ॅलर्जी, सगळं सांगा. सिगारेट-तंबाखू थांबवा आणि नंतरही आणू नका. तंबाखूनं तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि कलमाला हवं असतं ते रक्तच.

तारीख निवडताना पुढचे दोन आठवडे डोळ्यांसमोर आणा. घरचं लग्न, लांबचा प्रवास, दिवाळीचा फराळ, हे मध्ये नको. शिक्षक असाल, दिवसभर बोलायचं काम असेल तर निदान दोन-तीन दिवस सुट्टी काढा.

त्या दिवशी

भूल फक्त जागेपुरती असते, त्यामुळे पोटभर खाऊन जा. टाळूतलं इंजेक्शन सगळ्यात जास्त टोचतं, पण काही सेकंदच. त्यानंतर ओढल्यासारखं, दाबल्यासारखं वाटतं, दुखत नाही. दुखलं तर डावा हात वर करायचा असं आमचं ठरलं होतं. तुम्हीही अशी खूण ठरवून घ्या. एका दाताला साधारण तास ते दीड तास जातो.

आधी मूळ खरवडून स्वच्छ करतात, त्याचा कुरकुर आवाज कवटीत घुमतो. मग टाळूतला तुकडा काढतात. मी विनंती केली म्हणून डॉक्टरांनी तो ओल्या गॉजवर ठेवून दाखवला. करंगळीच्या नखाएवढा, जेमतेम दीड मिलिमीटर जाड, कोवळ्या शहाळ्याच्या मलईसारखा पांढुरका. एवढ्याशा तुकड्यावर सगळं अवलंबून होतं. तो बसवून केसापेक्षा बारीक दोऱ्यानं शिवल्यावर डॉक्टरांनी ओलं गॉज त्यावर ठेवून बोटानं काही मिनिटं नुसतं दाबून धरलं. खाली रक्ताची गुठळी राहिली तर तुकडा मुळाला चिकटत नाही, म्हणून हे दाबणं. शेवटी काही जण वर गुलाबी लेप बसवतात. टाळूला झाकणारी प्लास्टिकची पट्टी मिळत असेल तर ती जरूर घ्या, जेवताना फार सुख लागतं.

पहिले चौदा दिवस

आंब्याचं कलम बांधलं की आमचे बाबा कुणाला त्याला हात लावू देत नाहीत. ‘धरलं का’ म्हणून बांधलेली पट्टी सोडून बघायची नाही. बघितलं की मेलं. हिरडीचंही तसंच. पहिले दोन-तीन दिवस त्या तुकड्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. खालून पाझरणाऱ्या द्रवावर तो कसाबसा तग धरतो. मग खालच्या बारीक रक्तवाहिन्या त्यात शिरू लागतात आणि साधारण आठ-दहा दिवसांत तो जिवंत होऊन चिकटतो. या काळात तो हलला, तर शिरणाऱ्या वाहिन्या तुटतात. शस्त्रक्रिया डॉक्टर करतात, पण कलम धरवायचं काम तुमचं.

म्हणून ओठ वर करून बघायचं नाही. बहिणीला व्हिडिओ कॉलवर दाखवायला तिसऱ्या दिवशी मी ओठ उचलला आणि टाक्यापाशी रक्त आलं. धावत दवाखान्यात गेले. सुदैवानं टाका सुटला नव्हता. तुम्ही हे करू नका. बघायचंच असेल तर सहज तोंड उघडल्यावर जेवढं दिसतं तेवढंच बघा.

पहिल्या दिवशी चूळ भरायची नाही, जोरानं थुंकायचं नाही, स्ट्रॉनं काही ओढायचं नाही. लाळेत थोडी लाली असते, तिला घाबरू नका. फडक्यात गुंडाळलेला बर्फ गालावर बाहेरून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, तेवढाच वेळ काढा, पुन्हा ठेवा. वेदनाशामक गोळी भूल उतरण्याआधीच, सांगितलेल्या वेळेला घ्या. रात्री दोन उशा घेऊन झोपा.

रक्त येतं ते बहुतेक टाळूतून. ओलं स्वच्छ गॉज टाळूवर ठेवून पंधरा-वीस मिनिटं दाबून धरा, घड्याळ लावून. दर दोन मिनिटांनी उचलून बघितलं तर थांबणार नाही.

खाण्याचं म्हणाल तर पहिल्या दिवशी सगळं थंड किंवा कोमट. ताक, थंड दूध, नाचणीची आंबील, तांदळाची पेज. दुसऱ्या दिवसापासून गुरगुट्या भात आणि वरण, मुगाची मऊ खिचडी, दहीभात, शिरा, कुस्करलेलं केळं. मासे खाणाऱ्यांना काटा काढून कुस्करलेला उकडलेला मासा चालतो. मला आईनं केलेली मऊसूत पेज आठवडाभर पुरली. त्यात तूप-मीठ घातलं की कंटाळा येत नाही. भाकरी, शेंगदाणे, चिवडा, पापड, ठेचा, लोणचं बंद. खसखस, तीळ, मोहरी असले बारीक दाणेही नकोत, टाक्यांत अडकतात. फोडणीची मोहरी मी विसरले होते, ती आईच्या लक्षात आली. चावायचं दुसऱ्या बाजूनं.

शस्त्रक्रियेच्या दाताला ब्रश साधारण दोन आठवडे लागत नाही, बाकी दात मात्र रोज घासायचे. त्या जागेसाठी क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश देतात, बहुधा दुसऱ्या दिवसापासून, दिवसातून दोनदा. तोंडात घेऊन खुळखुळवायचं नाही. मान डावी-उजवीकडे कलती करून मिनिटभर ठेवायचं आणि बेसिनवर वाकून आपोआप पडू द्यायचं. टूथपेस्ट आणि हे औषध यांत अर्धा तास अंतर ठेवा, नाहीतर औषधाचा असर कमी होतो. चहा त्यानंतर लगेच नको, दातांवर तपकिरी डाग पडतात. पडलेच तर नंतरच्या सफाईत निघतात. जिभेची चव बदलते, तीही परत येते. सांगितलेल्या मुदतीपेक्षा जास्त दिवस मात्र वापरू नका.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि मग उतरते. गालावर निळसर डाग येऊ शकतो. कलमाचा दिसणारा भाग आधी पांढरट, राखाडी दिसतो, वरचा पापुद्रा सुटतो. ‘सडलं’ असं वाटून पोटात गोळा येतो, पण ते नेहमीचं आहे. आठवड्याभरात खालून लाली येते.

डॉक्टरांना फोन करायचा तो या गोष्टींसाठी: वीस मिनिटं दाबूनही न थांबणारं रक्त, तिसऱ्या दिवसानंतरही वाढत जाणारी सूज किंवा दुखणं, ताप, पू, तुकडा हलताना जाणवणं, अंगावर पुरळ. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर फोनवर वेळ न घालवता थेट रुग्णालयात जा. आणि तुमच्या डॉक्टरांनी माझ्यापेक्षा वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, त्यांनी तुमचं तोंड पाहिलेलं असतं.

टाके निघाल्यावर

दहा ते चौदा दिवसांत टाके काढतात, चिमटा काढल्यासारखं वाटतं इतकंच. टाळूची जखम दोन ते चार आठवड्यांत भरते. डॉक्टरांनी परवानगी दिली की शस्त्रक्रियेनंतरचा अतिमऊ ब्रश घ्या आणि हिरडीकडून दाताच्या टोकाकडे, एकाच दिशेनं फिरवा. वरच्या दातांना वरून खाली, खालच्यांना खालून वर. आडवं घासणं कायमचं बंद. सवय मोडायला मला ब्रश पेनासारखा तीन बोटांत धरण्याचा फायदा झाला. मुठीत धरला की जोर येतोच.

भाकरी, चकली, उसाचे करवे दीड महिना तरी त्या बाजूनं नकोत. थोडं आंबणं काही आठवडे राहू शकतं. हिरडीला अंतिम आकार यायला अनेक महिने जातात, आणि काहींच्या बाबतीत पहिल्या वर्षभरात ती दातावर आणखी थोडी पुढेही सरकते. म्हणून दुसऱ्याच महिन्यात निकाल लावून मोकळे होऊ नका. तपासणीच्या तारखा मात्र चुकवू नका, आणि दर वेळी तोच आकडा लिहून मागा.

सहाव्या महिन्यात त्याच सळईनं माझं माप घेतलं. ४ होतं, तिथे १ आलं. तो उरलेला १ मिलिमीटर झाकला जाईल असं डॉक्टरांनी सुरुवातीलाही सांगितलं नव्हतं. घरी येताना कोपऱ्यावर कोकम सरबत घेतलं, बर्फ घालून, आणि पहिला घोट मुद्दाम डाव्या बाजूनं घेतला.